पुरातली गाडी कोणाची?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नागरिकशास्त्र शिकवत. इतिहासाच्या पेपराच्या शेपटाला बांधलेला तो विषय. मुलं तो परीक्षेपुरता पाठ करतात आणि विसरतात. मग पुढे आयुष्यभर चलन, नोटीस आणि पंचनामा या रूपांत तोच विषय आपल्याकडून वसूल होत राहतो. म्हणून आज मी मुद्दाम कलमांचा विषय घेतला आहे. पूर आला, कारखान्यात स्फोट झाला, साथ पसरली, की आपण पहिल्यांदा गाडी शोधतो. ती कोण घेतं, कोणत्या अधिकारानं घेतं आणि तिचं काही बरंवाईट झालं तर कोण भरून देतं, एवढंच आज बोलायचं आहे.

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान चामटोलीजवळ अडकली. रुळांच्या दोन्ही बाजूंना उल्हास नदी पसरली होती. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी होते, त्यांत नऊ गर्भवती. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. ही हकीगत आपल्याकडे अभिमानानं सांगतात, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण बोटीतून उतरलेल्या माणसाचं पुढे काय होतं? तो ओल्या कपड्यांत, चिखलात, हातात चपला घेऊन उभा असतो. त्याला तिथून बदलापुरात आणायला बस लागते, टेम्पो लागतो. त्या दिवशी बसगाड्या आणि टेम्पो उभे केले गेले, आणि पुढे कल्याणहून कोल्हापूरला खास रेल्वेगाडी सुटली. फोटो हेलिकॉप्टरचे निघाले. टेम्पोचा फोटो कोण काढतो!

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली इथं राहणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. बॅरेजजवळ नदीनं १६.५० मीटरची इशारा पातळी गाठली की मोबाइलवर मेसेज फिरू लागतात, आणि १७.५० ला धोक्याची पातळी ओलांडली की तळमजल्यावरची माणसं गॅसची टाकी आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन जिन्यात येतात. अशा वेळी अग्निशमन दलाची गाडी एका ठिकाणी पोचते. दहा ठिकाणी पोचतो तो ट्रॅक्टर, वाळूचा डंपर, कोणाच्या तरी साइटवरचा जेसीबी आणि आपला 'छोटा हत्ती' टेम्पो. कोणीतरी नगरसेवक फोन करतो, कोणीतरी हवालदार हात दाखवून थांबवतो, नाहीतर गाडीवाला स्वतःच येतो. २००५ च्या २६ जुलैला असंच झालं, २०१९ ला झालं, २०२१ ला झालं. माणुसकीच्या या खात्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आपली तिन्ही शहरं श्रीमंत आहेत.

२००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा आपत्ती व्यवस्थापन कायदा अस्तित्वातच नव्हता. तो झाला त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, आणि त्यामागे मुख्य धक्का होता आदल्या वर्षीच्या त्सुनामीचा. या कायद्याचं ६५ वं कलम आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. राष्ट्रीय किंवा राज्य कार्यकारी समिती, जिल्हा प्राधिकरण, किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, बचाव आणि मदतीसाठी कोणतंही वाहन अधिग्रहित करू शकतो. वाहन म्हणजे काय, तेही कलमातच सांगितलं आहे: वाहतुकीसाठी वापरलं जाणारं किंवा वापरता येण्याजोगं, यंत्रावर चालणारं किंवा न चालणारं, कोणतंही. म्हणजे बैलगाडीसुद्धा आली, हातगाडीसुद्धा आली. मोटार वाहन कायद्याची व्याख्या इतकी ऐसपैस नाही. तिला रस्त्यावर चालणारं यंत्र लागतं.

पण या कलमात दोन अटी आहेत आणि आपण त्या दोन्ही विसरतो. पहिली अशी की आदेश लेखी असला पाहिजे. दुसरी अशी की गरज संपली की अधिग्रहणही संपलं. त्यापुढे गाडी ठेवून घेता येत नाही. पुढचं ६६ वं कलम सांगतं की त्या भागात त्या प्रकारच्या गाडीला जे भाडं चालतं, त्या दरानं शासनानं मालकाला मोबदला द्यायचा. रक्कम पटली नाही तर मालक लवादाकडे जाण्यासाठी अर्ज करू शकतो. गाडी हप्त्यावर असेल, तर मोबदला मालक आणि ज्याच्या ताब्यात ती होती तो, या दोघांत वाटायची सोयही आहे. आपल्याकडचे निम्मे टेम्पो फायनान्सचे, त्यामुळे ही ओळ कायदा लिहिणाऱ्यानं कल्याणच्या आरटीओबाहेर उभं राहून लिहिली असावी असं मला नेहमी वाटतं. आदेशाप्रमाणे गाडी द्यायला विनाकारण नकार दिला तर ५१ वं कलम आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि त्यातून जीव गेला किंवा जिवावर बेतलं तर दोन वर्षांपर्यंत.

ही व्यवस्था नवीन नाही. सरकारनं खासगी मालमत्ता तात्पुरती ताब्यात घ्यायची, ही चाल दुसऱ्या महायुद्धात १९३९ च्या भारत संरक्षण कायद्यानं रुजवली. तुमचं उल्हासनगर त्याच युद्धकाळातल्या कल्याणच्या लष्करी छावणीवर उभं आहे. फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं त्या बराकींत उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची कोनशिला बसली. निवडणुकीचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १६० व्या कलमाखाली गाड्या घेतल्या जातात. तेव्हा काय होतं ते आठवा: आठवडाभर आधी नोटीस येते, गाडीचा क्रमांक रजिस्टरवर चढतो, मतदानाच्या आदल्या दिवशी मैदानात रांग लागते, लॉगबुकवर सही होते, आणि पुढे कधीतरी का होईना बिल निघतं. मतपेट्यांसाठी आपलं प्रशासन हे सगळं बिनचूक करतं. माणसांसाठी मात्र जुलैच्या पावसात हात दाखवून गाडी थांबवली जाते आणि कागद कुठंच नसतो.

कोणी म्हणेल, घरात कंबरभर पाणी आहे आणि हे वकिलासारखे कागद मागताहेत. त्यांना एक प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगतो. छोटा हत्ती, मागच्या हौद्यात बारा माणसं, त्यांत दोन म्हाताऱ्या आणि एक तान्हं मूल. बॅरेज रोडवर पाणी साचलंय, रस्ता कुठं संपतो आणि गटार कुठं सुरू होतं ते दिसत नाही. चाक खड्ड्यात जातं, गाडी कलंडते, एकजण दगावतो. आता बघा. मालवाहू गाडी आहे, तिच्यात प्रवासी बसवायची परवानगी नाही. 'आशा राणी' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. काही प्रकरणांत न्यायालयं सांगतात की कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे शेवटी गळ्यात दोर त्याच्याच. ज्यानं बारा माणसं वाचवायला गाडी काढली, तो आरोपीही आणि कर्जदारही.

तुम्ही म्हणाल, मदत करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा आलाय ना? आलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१६ च्या निकालानंतर २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातलं गेलं. पण ते नीट वाचा. त्यात संरक्षण आहे ते मोटार अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला, त्याला दवाखान्यात नेणाऱ्याला. पुरात अडकलेल्याला गच्चीवरून उतरवणारा त्यात बसत नाही. आपत्ती कायद्याचं ७३ वं कलम सद्भावनेनं केलेल्या कामाला संरक्षण देतं. पण ते शासनाला, अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या वतीनं काम करणाऱ्यांना. 'त्यांच्या वतीनं' हे सिद्ध कसं करणार? आदेश असेल तर होतं.

आणि आदेश असला की सगळं चित्र उलटतं. आसाम सरकारनं अधिग्रहित केलेल्या गाडीच्या अपघाताचं एक प्रकरण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. 'पूर्णया कला देवी' या नावानं ते वकिलांना माहीत आहे. गाडी सरकारच्या ताब्यात आणि हुकुमात होती, म्हणून नुकसानभरपाई सरकारनं द्यायची, नोंदणीकृत मालकानं नाही, असं न्यायालयानं ठरवलं. निवडणुकीसाठी घेतलेल्या गाडीबाबत असाच निकाल त्याआधीही झाला होता. लेखी आदेश म्हणजे गाडीवाल्यावर जुलूम, अशी आपली समजूत आहे. खरं तर गरीब टेम्पोवाल्याच्या डोक्यावर पावसाळ्यात एवढं एकच छप्पर असतं.

कायद्यातला एक दोषही सांगून टाकतो. ६६ व्या कलमात गाडीच्या भाड्याचा हिशेब आहे. इंजिनात पाणी शिरलं तर काय, याबद्दल त्यात अक्षर नाही. सायलेन्सरमधून पाणी आत गेलं, ड्रायव्हरनं घाबरून पुन्हा चावी फिरवली, की इंजिन बसतं. वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपन्या हा खर्च सहसा नाकारतात. गॅरेजवाला जो आकडा सांगतो तो दोन दिवसांच्या भाड्यात निघत नाही. हा खर्च मोबदल्यात धरायचा, हे जिल्हा प्राधिकरणाला आपल्या आदेशातच लिहिता येईल. कायदा त्याच्या आड येत नाही.

आता रस्त्याकडे वळू. याच कायद्याचं ३४ वं कलम जिल्हा प्राधिकरणाला आपत्तीग्रस्त भागातली, भागात येणारी आणि बाहेर जाणारी वाहतूक रोखण्याचा अधिकार देतं. मोटार वाहन कायद्याचं ११५ वं कलम सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वाहनबंदी करू देतं. रायते पूल पाण्याखाली गेला आणि मुरबाड रस्ता बंद झाला की पोलीस बॅरिकेड लावतात, ते या बळावर. मार्ग बदलावा लागलेल्या मालवाहू गाडीचीही कायद्यानं काळजी घेतली आहे: पूर, भूकंप किंवा रस्ता बंद झाल्यामुळे गाडी दुसऱ्या वाटेनं, अगदी दुसऱ्या राज्यातून न्यावी लागली, तरी परवान्यात तो मार्ग नाही म्हणून तिला अडवता येत नाही. ही तरतूद कित्येक ड्रायव्हरांना ठाऊकच नसते, आणि कित्येक नाक्यांवर ती आठवत नाही.

अडचण वेगळीच आहे. नदी फुगली की पुलावर माणसं पाणी बघायला जमतात. दुचाकी आडव्या, मोबाइल वर. बदलापूर असो की अंबरनाथ, रेल्वेनं शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले आहेत, आणि उड्डाणपुलावर कोंडी झाली की अग्निशमनाचा बंब पूर्वेला आणि बुडणारी वस्ती पश्चिमेला. १९९३ मध्ये किल्लारीला भूकंपानंतर बघ्यांनी आणि मदतीच्या गाड्यांनी रस्ते कसे तुंबले होते, ते मराठवाड्यातले लोक अजून सांगतात. बघ्यांच्या गाडीला कायद्यात वेगळं कलम नाही. पण मार्ग न देणाऱ्याला आहे. मोटार वाहन कायद्याच्या १९४-ई कलमाखाली अग्निशमन वाहन किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी प्राधान्यक्रमही ठरवला आहे: आधी बंब, मग रुग्णवाहिका, मग पोलीस. सायरन आणि दिवा चालू असताना, योग्य काळजी घेऊन, त्यांना लाल सिग्नलही ओलांडता येतो. १ मे २०१७ ला मंत्र्यांच्या गाडीवरचे लाल दिवे उतरले; तेव्हा लाल-निळा-पांढरा बहुरंगी दिवा उरला तो आग, कायदा-सुव्यवस्था आणि आपत्ती यांच्या कामासाठी. आज मात्र कोणीही सायरन लावून फिरतो. सरसकट सगळ्यांचेच सायरन वाजू लागले की खऱ्या बंबाला कोणी वाट देत नाही, हे वेगळं सांगायला नको.

गाडी वाचवते तशी बुडवतेही. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. बोटीत पेलवतील त्यापेक्षा जास्त लोक होते. आपल्या वालधुनीचं उदाहरण तर घरातलं आहे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरात पहाटे वालधुनीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना मळमळ, उलट्या, श्वासाचा त्रास होऊन दवाखाने गाठावे लागले. ज्या नदीकाठी अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर जवळजवळ हजार वर्षं उभं आहे, ती ही नदी! घातक रसायनं नेणाऱ्या टँकरसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सगळं लिहिलेलं आहे. टँकरवर रसायनाचं नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक आणि आपत्कालीन फोन असलेली पाटी हवी. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये लेखी सूचना हव्यात. त्याचं प्रशिक्षण झालेलं हवं. अपघात झाला तर त्यानं जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायला हवं. पाटी असली की बंबावरच्या जवानाला कळतं की पाणी मारायचं की फोम. पाटी नसली की तो अंदाजानं लढतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतून बाहेर पडणारे टँकर अधूनमधून थांबवून ही पाटी तपासायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कोणी काढावीत, यावरून आपल्याकडे खात्याखात्यांत पत्रव्यवहार चालतो.

कोरोनाच्या काळात हेच कलमांचं जाळं घराघरांत शिरलं. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि बदलापूर-अंबरनाथहून मुंबईच्या रुग्णालयांत जाणाऱ्या परिचारिकांना, सफाई कामगारांना एसटी आणि बेस्टच्या बसनी नेलं. त्याच सुमारास रुग्णवाहिकेची भाडी इतकी चढली की सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना वाजवी दर ठरवायला सांगावं लागलं. अधिग्रहणाचा अधिकार राज्याच्या हातात १५ वर्षं होता. वापरायला साथ यावी लागली.

शेवटचा मुद्दा आपल्या तीन शहरांच्या हद्दींचा आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात निकडीचा. २०२५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेली शहरं यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमायची सोय झाली. आयुक्त अध्यक्ष, जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. उल्हासनगर महानगरपालिका आहे, १९९६ पासून. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा आहेत. म्हणजे नव्या सोयीत उल्हासनगर बसतं आणि उरलेली दोन शहरं बसत नाहीत. आता नदीची वाट बघा. उल्हास कर्जतकडून येते ती आधी बदलापूर गाठते. वालधुनी अंबरनाथहून उल्हासनगरात उतरते. पाणी नगरपरिषदेतून महापालिकेत जातं, आणि नवा अधिकार महापालिकेच्या वेशीवर थांबतो. तिन्ही शहरांतल्या गाड्यांवर एकच क्रमांक असतो, एमएच-०५. तिन्ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. मग अधिग्रहणाची यादीसुद्धा एकच असायला काय हरकत आहे?

माझी मागणी साधी आहे. उल्हासनगरचा उपविभाग, ज्यात उल्हासनगर आणि अंबरनाथ हे दोन्ही तालुके येतात, त्यानं दरवर्षी मे महिन्यात तिन्ही शहरांतले डंपर, ट्रॅक्टर, जेसीबी, टेम्पो आणि बोटी यांची संमतीची यादी करावी. कोणती गाडी कुठं उभी असते, चालवणारा कोण, त्याचा परवाना कसला, हे तीत असावं. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. तेव्हा चालकांची वाण पडायचं कारण नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी ६५ व्या कलमाखाली अधिकार तहसीलदारांपर्यंत आणि मुख्याधिकाऱ्यांपर्यंत आधीच द्यावेत. आदेशाचा नमुना छापून ठेवावा: गाडीचा क्रमांक, वेळ, काम, भाड्याचा दर, इंजिनाच्या नुकसानीची हमी आणि खाली सही. पाऊस लागल्यावर भरायचं राहील ते फक्त तारीख आणि तास.

आणि इथं बसलेल्या गाडीमालकांना, टेम्पो संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना माझी हात जोडून विनंती: येत्या पावसाळ्यात कोणी हात दाखवला तर गाडी जरूर थांबवा, माणसं जरूर बसवा. आदेश तिथल्या तिथं कागदावर मिळाला नाही तर निदान अधिकाऱ्याला मोबाइलवर लेखी मेसेज करायला सांगा, तो जपून ठेवा, आणि पाणी ओसरल्यावर तहसील कार्यालयात जाऊन रीतसर आदेश आणि मोबदला मागा. तो मागण्यात लाज वाटू देऊ नका. तो कायद्यानं तुमचा आहे.